थोडी प्लॅटिनमची मोड इंडक्शनवर आटवताना: ५ ते ५० ग्रॅमसाठी

सोन्याची मोड आटवायची तर ग्राफाइटची मूस, चिमूटभर सवागी आणि गॅसची ज्योत एवढ्यावर भागतं. प्लॅटिनमला यातलं काहीच चालत नाही. सोनं १०६४ अंश सेल्सिअसला वितळतं, प्लॅटिनम १७६८ला. मधल्या सातशे अंशांत नेहमीच्या मुशी मऊ पडतात, ग्राफाइट धातूत कार्बन सोडतं आणि सवागीतला बोरॉन आत शिरायची भीती असते. इंडक्शनचं यंत्र, म्हणजे कॉइलमधल्या उलटसुलट विजेने धातूलाच थेट तापवणारं यंत्र, आणलं की हे सगळं सुटेल असं वाटतं, पण यंत्राचेही स्वतःचे नखरे आहेत. ५ ग्रॅम सुटा कीस मुशीत टाकून मोठ्या यंत्रात ठेवला तरी तो नीट लालसुद्धा होत नाही. त्याच यंत्रात ३० ग्रॅमची घट्ट गोळी बघता बघता पाणी होते. असं का होतं ते समजलं, की बाकीचं काम स्वच्छतेचं आणि धीराचं.

मुंबईच्या झवेरी बाजारातल्या किंवा पुण्याच्या सोन्या मारुती चौकाजवळच्या कारखान्यात जेवढा माल साठतो, म्हणजे कापलेल्या अंगठ्या, ओतकामाचे देठ, तारेचे तुकडे, कानशीचा कीस, तेवढा डोळ्यांसमोर ठेवून खालची मापं दिली आहेत.

माल ओळखणं

सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. पांढरं दिसतं ते प्लॅटिनम नव्हे. व्हाइट गोल्डवर ऱ्होडियमचा मुलामा असतो, आणि क्ष-किरणांनी टंच काढणारं एक्सआरएफ यंत्र वरवरचा थरच वाचतं. म्हणून टंच काढण्याआधी तुकड्यावर कानशीने खाच पाडून आतला धातू उघडा करायचा.

घरच्या घरी सगळ्यात भरवशाची परीक्षा घनतेची. शुद्ध प्लॅटिनमची घनता २१.४५ आहे. मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्य करा, तुकडा बारीक धाग्याला बांधून तळाला न टेकवता पाण्यात बुडवा. काटा जे वजन दाखवेल ते तुकड्याच्या घनफळाएवढ्या पाण्याचं. १० ग्रॅम शुद्ध प्लॅटिनमला ०.४६६ ग्रॅम यायला हवं. १८ कॅरेट व्हाइट गोल्डला साधारण ०.६३ ते ०.६९ येतं, पॅलॅडियमला ०.८३, चांदीला ०.९५. पाण्यात साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर तुकड्याला चिकटलेले बुडबुडे आकडा बिघडवतात. एक ग्रॅमपेक्षा लहान तुकड्यावर ही परीक्षा विश्वासाची राहत नाही. तिथे सारखे तुकडे एकत्र करून मोजावेत.

दागिन्यावर पीटी ९५० असा शिक्का असला म्हणजे ९५ टक्के प्लॅटिनम. उरलेले ५ टक्के काय आहे ते शिक्का सांगत नाही, आणि आटवताना तोच भाग त्रास देतो. कोबाल्ट असेल तर जोरदार निओडिमियम चुंबकाला तुकडा किंचित ओढला जातो. हा गट वेगळा ठेवा. रुथेनियम किंवा इरिडियम असेल तर वितळायला शुद्ध प्लॅटिनमपेक्षा थोडी जास्त उष्णता लागते. तांब्याचं किंवा पॅलॅडियमचं मिश्रण जरा आधी वितळतं. कोणता गट आहे ते कळत नसेल तर दोन गट एकत्र करू नका. एकदा मिसळलेलं वेगळं करायला रिफायनरीच लागते.

भट्टीचं तापमान मोजायच्या थर्मोकपलच्या तारा हा चांगला माल. एस प्रकारात एक पाय शुद्ध प्लॅटिनमचा आणि दुसरा १० टक्के ऱ्होडियमचा. आर प्रकारात ऱ्होडियम १३ टक्के. दोन्ही पाय हातात वाकवून पाहिले तर शुद्ध पाय मऊ लागतो, ऱ्होडियमचा ताठ. ते सांध्यापाशी कापून वेगळे ठेवायचे. ऱ्होडियमचा पाय वितळायला साडेअठराशे अंशांच्या आसपास जावं लागतं, त्यामुळे लहान यंत्रावर तो लावूच नये. शिवाय ऱ्होडियमचे पैसे रिफायनरीत वेगळे मिळतात, ते का घालवायचे?

मोटारीच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मात्र या कामाचा नाही. त्यात सिरॅमिकच्या जाळीवर धातूचा अतिसूक्ष्म थर असतो. ती जाळी कितीही तापवली तरी खाली धातूचा थेंब जमत नाही.

धुणं

प्लॅटिनमचे चार वैरी लक्षात ठेवावेत: सिलिकॉन, फॉस्फरस, शिसं आणि कार्बन. पहिले तिघे प्लॅटिनमशी अशी मिश्रणं करतात की ती फार कमी तापमानाला वितळतात. सिलिकॉनचं सुमारे ८३० अंशांना, फॉस्फरसचं ६००च्याही खाली. गोळी थिजताना हे मिश्रण कणांच्या मधल्या फटींत जाऊन बसतं. वरून गोळी चकचकीत दिसते, आणि तापवून हातोडीचा घाव घातला की उभी चिरते. कार्बनची रीत वेगळी आहे. वितळलेलं प्लॅटिनम तो पिऊन घेतं आणि थिजताना ग्राफाइट म्हणून बाहेर टाकतं.

आता हे आत येतात कुठून ते बघा. ओतकामाच्या देठांना साच्याची पावडर चिकटलेली असते, आणि प्लॅटिनमच्या साच्याची पावडर बहुधा सिलिका आणि फॉस्फेटची. एका फटकाऱ्यात दोन वैरी. ती बारीक काचमण्यांच्या ब्लास्टरने किंवा कोरून पूर्ण काढायची, मग अल्ट्रासॉनिकमध्ये धुवायची. हायड्रोफ्लोरिक आम्लाने ती झटकन जाते, पण ते आम्ल कातडीतून हाडापर्यंत पोचतं. लहान कारखान्यात ते नकोच. शिसं येतं जुन्या डागातून, म्हणजे सांधा जोडायला वितळवलेल्या धातूतून. डाग दिलेला सांधा करवतीने कापून बाजूला टाका. त्यात जस्त किंवा कॅडमियम असलं तर धूरही विषारी. कार्बन येतो पॉलिशच्या मेणातून, तेलातून, आणि विसरलेल्या हिऱ्यातून. होय, हिराही कार्बनच. खडे सगळे काढायचे.

कानशीच्या किसात लोखंड असतंच, करवतीच्या पात्याचे तुकडेही असतात. आधी कागदावर पसरून चुंबक फिरवा. मग तो काचेच्या भांड्यात घेऊन वर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घाला: दोन भाग पाण्यात एक भाग दुकानी आम्ल, आणि ओतायचं आम्ल पाण्यात, पाणी आम्लात नाही. ६०-७० अंशांवर अर्धा तास ठेवा. पाणी पिवळट झालं की लोखंड सुटतंय असं समजा. ओतून टाका, नवं आम्ल घाला, रंग येईनासा होईपर्यंत. चांदी-तांबं असल्याचा संशय असेल तर वेगळ्या भांड्यात नायट्रिक आम्लाची धुणी द्यायची, पण मधे डिस्टिल्ड पाण्याने चार-पाच वेळा खळखळून धुतल्याशिवाय नाही. हायड्रोक्लोरिकचा अंश राहिला आणि त्यावर नायट्रिक पडलं की अम्लराज तयार होतं आणि तुमचं प्लॅटिनम नारिंगी पाणी होऊन मोरीत जातं. हे सगळं धुराड्याखाली किंवा उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून.

शेवटी माल कोरडा असावा. किसात ओल राहिली तर तापताना वाफ दाणे उडवते. दीडशे अंशांवर तासभर ओव्हनमध्ये ठेवलेला बरा.

रिफायनिंगमधून आलेला राखाडी स्पंज, म्हणजे सच्छिद्र प्लॅटिनम, असेल तर तो आधी हजार अंशांच्या आसपास भाजून घेतलेला आहे ना, हे विचारा. त्यात प्लॅटिनमचे क्लोराइड क्षार उरले असतील तर त्यांच्या धुराने दमा आणि ॲलर्जी जडते, आणि एकदा जडली की थोड्या संपर्कानेही उसळते.

लहान माल तापत का नाही

कॉइलमधला उलटसुलट प्रवाह धातूच्या वरच्या कातडीतच भोवरे निर्माण करतो. ती कातडी किती जाड, हे वारंवारतेवर आणि धातूच्या विद्युतरोधावर ठरतं. १०० किलोहर्ट्झला थंड प्लॅटिनममध्ये ती सुमारे अर्धा मिलिमीटर असते, वितळबिंदूजवळ रोध पाच-सहा पट वाढल्याने सव्वा मिलिमीटर. ४० किलोहर्ट्झला तापलेल्या धातूत जवळपास २ मिलिमीटर. तुकड्याची जाडी या कातडीच्या तीन-चार पट असेल तरच तो नीट तापतो. त्याहून बारीक असेल तर प्रवाहाला वळसा घ्यायला जागाच उरत नाही. म्हणून कीस थंडच राहतो.

गोळीचे व्यास ध्यानात ठेवण्यासारखे आहेत: २ ग्रॅमची ५.६ मिलिमीटर, ५ ग्रॅमची ७.६, १० ग्रॅमची ९.६, २० ग्रॅमची १२.१, ५० ग्रॅमची १६.५. म्हणजे ४० किलोहर्ट्झच्या यंत्रात २ ग्रॅम हे काठावरचं काम आहे, १२० किलोहर्ट्झच्या यंत्रात जमण्यासारखं. यंत्र विकत घेताना किलोवॅटच्या आकड्याआधी वारंवारता विचारावी.

यावर उपाय सोपा आहे. किसाची डायमध्ये दाबून घट्ट टिकली करायची. साध्या हायड्रॉलिक प्रेसवर १० मिलिमीटरच्या कडक पोलादी डायमध्ये चांगली बसते. टिकली आम्लात पुन्हा एकदा बुचकळा, डायचं लोखंड लागलेलं असतं. तारा असतील तर चेंडूसारख्या गुंडाळून ऐरणीवर ठोकून आवळा. आणि सगळ्यांत उत्तम म्हणजे विरजण ठेवणं: त्याच मिश्रणाची ८-१० ग्रॅमची स्वच्छ गोळी कायम बाजूला असू द्यावी, ती आधी मुशीत तापवायची आणि ती पातळ झाली की तिच्यावर टिकल्या एकेक सोडायच्या.

एक फसवणूक टाळा. यंत्र तपासायला लोक खिळा घालतात आणि तो पाच सेकंदांत लाल झालेला पाहून खूश होतात. लोखंड ७७० अंशांपर्यंत चुंबकीय असतं, म्हणून ते अधाशासारखी वीज पितं. प्लॅटिनमला ती सवलत नाही. तपासणी करायचीच तर १२ मिलिमीटर जाडीचा बिनचुंबकीय स्टेनलेसचा, म्हणजे ३०४ किंवा ३१६चा, तुकडा घाला.

यंत्र आणि कॉइल

२० ग्रॅम प्लॅटिनम खोलीच्या तापमानापासून वितळवायला फक्त ७.७ किलोज्यूल लागतात, दोन वॅट-तासांहून किंचित जास्त. वीज खरी जाते ती गळतीत. १७६८ अंशांच्या पोकळीच्या तोंडातून दर चौरस सेंटिमीटरला जवळपास ९८ वॅट प्रकाश आणि उष्णता बाहेर पडते. १५ मिलिमीटरचं तोंड उघडं ठेवलं तर तेवढ्याच वाटेने १७० वॅट गेले. ६ मिलिमीटरचं भोक असलेलं झाकण ठेवलं तर हेच २८ वॅट. मोठं यंत्र घेण्याआधी झाकण करा.

बाजारात दोन प्रकार सहज मिळतात. एक, ४८ व्होल्ट डीसीवर चालणारं झेडव्हीएस नावाचं उघड्या सर्किटचं मॉड्यूल, १००० वॅट, २० अँपिअर लिहिलेलं. ५ ते १० ग्रॅमना, चांगल्या आवरणासह, ते कसंबसं पुरतं. दुसरा, २२० व्होल्टवर चालणारी पेटी, जिच्यावर १५ किलोवॅट छापलेलं असतं. तो आकडा आत घुमणाऱ्या शक्तीचा. भिंतीतून ती त्याच्या निम्म्याच्या आसपास ओढते. २० ते ५० ग्रॅमसाठी ही ऐसपैस आहे. तिला स्वतंत्र ३२ अँपिअरची लाइन आणि एमसीबी द्या.

झेडव्हीएसला शक्ती कमी-जास्त करायचं बटण नसतं आणि त्याचा स्वभाव नाजूक. पुरवठ्याचा दाब हळूहळू चढला किंवा ओझ्याखाली १२ व्होल्टच्या खाली कोसळला, तर वीज आलटून-पालटून सोडणाऱ्या दोन मॉस्फेट ट्रान्झिस्टरांपैकी एक चालूच राहतो आणि क्षणात जळतो. म्हणून पुरवठा आधी चालू करून ४८ व्होल्टवर स्थिर होऊ द्यायचा, मगच डीसी बाजूच्या रिलेने मॉड्यूलला एकदम जोडायचा, तोही कॉइल रिकामं असताना. मॉस्फेटवर पुरवठ्याच्या ३.१४ पट दाब येतो. ४८ला तो १५० व्होल्ट होतो, आणि आत २०० व्होल्टचे मॉस्फेट असतात. ६० व्होल्ट देऊन बघण्याचा मोह आवरावा.

कॉइलला एसीच्या कामाची पाव इंची तांब्याची नळी. वळण्याआधी आत कोरडी बारीक वाळू ठासून भरा, नाहीतर नळी चपटी होते. ३२ मिलिमीटर आतला व्यास, सहा वेढे, वेढ्यांमध्ये दीड-दोन मिलिमीटर फट. याचं इंडक्टन्स ०.८ मायक्रोहेन्रीच्या आसपास येतं, मॉड्यूलवरच्या ०.३३ मायक्रोफॅरॅडच्या सहा कपॅसिटरांसह वारंवारता सव्वाशे किलोहर्ट्झ, आणि कॉइलमध्ये फिरणारा प्रवाह १७० अँपिअर. कपॅसिटरांवर पंखा हवाच. कॉइलचा व्यास उगाच मोठा घेऊ नका. मालाच्या मानाने कॉइलचा व्यास दुप्पट झाला की मालात जाणाऱ्या शक्तीच्या तुलनेत वाया जाणारी शक्ती चौपट होते. १२ मिलिमीटरच्या गोळीला ३२चं कॉइल ठीक. त्याच गोळीला ६०चं दिलं तर तांबंच तापेल.

नळीतून मिनिटाला दोन लिटर पाणी वाहू द्या. कॉइलमध्ये एक किलोवॅट जात असेल तर पाणी सात अंशांनी तापतं, चालण्यासारखं आहे. २० लिटरची बादली आणि लहान पंप दहा मिनिटांच्या कामाला पुरे. बादलीत बर्फ टाकायची हौस पावसाळ्यात महागात पडते: मुंबईच्या हवेत थंड नळीवर दव धरतं आणि वेढ्यांमध्ये ठिणगी उडते. पाणी खोलीच्या तापमानाचंच ठेवा, डिस्टिल्ड असेल तर नळीत आतून क्षार धरत नाहीत.

मूस

१८५०च्या दशकात पॅरिसमध्ये सेंट-क्लेअर डेव्हिल आणि डेब्रे या रसायनशास्त्रज्ञांनी प्लॅटिनम आटवलं ते चुन्याच्या भट्टीत, ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीखाली. कळीचा चुना या तापमानाला टिकतो आणि मळ शोषून घेतो. पण तो ओल धरून फुटतो, कोकणातल्या पावसाळ्यात तर रातोरात. आजची निवड झिर्कोनिया किंवा क्वार्ट्झ.

क्वार्ट्झची मूस स्वस्त आहे, अचानक तापवली तरी तडकत नाही. पण ती प्लॅटिनमच्या वितळबिंदूपाशी स्वतःच मऊ होते. आतून झिर्कोनियाचा लेप असेल आणि वितळ अर्ध्या मिनिटात उरकणार असेल तर चालते. पांढरा धूर दिसला की मूस उडून चालली आहे असं समजून थांबा. क्वार्ट्झ आणि आर्गॉन ही जोडी मात्र नको: ऑक्सिजन नसला की सिलिकाचा थोडा भाग सिलिकॉन होऊन प्लॅटिनमच्या पोटात जातो.

यिट्रियाने स्थिर केलेला झिर्कोनिया २७०० अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे त्याची मूस या कामात घट्ट राहते. या मुशीचं दुखणं एकच, घाईने तापवली की तडकते. म्हणून तिच्याभोवती नेहमी दुसरी भिंत असावी. जमणारी मांडणी अशी: मूस आतून १५ आणि बाहेरून २० मिलिमीटर, तिच्याभोवती ३ मिलिमीटर झिर्कोनियाचं किंवा ॲल्युमिनाचं फेल्ट, त्याबाहेर २६ आतला, २९ बाहेरचा व्यास असलेली क्वार्ट्झची नळी, मग ३२चं कॉइल. नेहमीची १२६० अंशांची सिरॅमिक वूल मुशीला थेट लावली तर आकसून काच होते. फेल्ट कापताना पी३ दर्जाचा मास्क लावा. वापरून झालेलं तर कोरडं झटकूच नका, पाणी मारून पिशवीत भरा.

खाली फायरब्रिकचा ठोकळा आणि तो वर-खाली करणारा जॅक. कॉइलच्या आसपास लोखंड येऊ देऊ नका. ठोकळ्यावर झिर्कोनियाच्या दाण्याची बशी असावी, मूस फुटलीच तर थेंब तिथे पडेल. वितळलेलं प्लॅटिनम तांब्याच्या नळीवर पडणं हा या कामातला सगळ्यात वाईट प्रसंग: तांबं १०८५ला वितळतं आणि आत पाणी आहे.

आटणी

अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. पेसमेकर असलेल्या माणसाने खोलीत थांबू नये. डोळ्यांना वेल्डिंगची काच: तापवताना ८ नंबर, वितळताना १०. सोन्याला वापरतात तो साधा रंगीत चष्मा इथे पुरत नाही. बंद करायचं बटण हाताशी असू द्या.

माल तोला, मिलिग्रॅमपर्यंत, आणि लिहून ठेवा. मोठा तुकडा तळाशी, टिकल्या वर, मुशीच्या अर्ध्यावर जाईल इतकाच. तुकडे दोन्ही बाजूंनी भिंतीला अडकतील असे ठेवू नका. खालचं वितळतं आणि वरचं पुलासारखं लटकून राहतं.

पाणी चालू, प्रवाह डोळ्यांनी बघून खात्री, मग यंत्र. झेडव्हीएसवर मूस कॉइलच्या खाली ठेवून सुरुवात करायची आणि जॅकने हळूहळू वर न्यायची. हेच तुमचं नियंत्रण. अँपिअर मीटर १८च्या वर जाऊ देऊ नका. मोठ्या पेटीवर बटण एक-चतुर्थांशावर. पहिली सहा-आठ मिनिटं मालाचा रंग लालवरून नारिंगी, म्हणजे हजार अंशांच्या आसपास, येईपर्यंत द्यायची. ही मिनिटं मुशीसाठी आहेत, प्लॅटिनमसाठी नाहीत. नंतर झाकण ठेवून शक्ती चढवा.

पांढरा उजेड आल्यावर तापमान ओळखणं कठीण. स्वस्त इन्फ्रारेड बंदूक इथे काही कामाची नाही, चकचकीत धातूवर ती कमीच दाखवते. झाकणाच्या भोकातून काचेआडून बघत राहा. आधी तुकड्यांचे कोपरे एकमेकांना चिकटतात. मग कडा बोथट होतात. मग एका क्षणी सगळं गोळा होऊन पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि त्यात भोकाचं प्रतिबिंब थरथरताना दिसतं. प्लॅटिनमचा पृष्ठताण पाण्याच्या वीस-पंचवीस पट असल्याने ते मुशीत पसरत नाही, घुमटासारखं उभं राहतं. त्याच वेळी मीटरचा आकडाही झटक्यात हलतो, कारण सुट्या तुकड्यांच्या जागी एक अखंड गोळा आलेला असतो. विरजण पद्धतीत आता टिकल्या सोडा, एक बुडाली की दुसरी. ढवळायची गरज नाही, कॉइलचं क्षेत्रच धातू घुसळतं. एखादा दाणा भिंतीला अडकला तर टंगस्टनच्या कांडीने ढकला, लोखंडी सळईने नाही.

सगळं पातळ झाल्यावर १५-२० सेकंद, बस्स. इरिडियम असेल तर अर्धा मिनिट. जास्त तापवून मिळत काहीच नाही, रुथेनियम मात्र हवेत ऑक्साइड होऊन उडतं आणि तो धूर घातक असतो. रुथेनियमच्या मालाला झिर्कोनियाच्या मुशीत, भोकावरून मिनिटाला एक-दोन लिटर आर्गॉन आणि खोलीत एग्झॉस्ट.

साच्यात ओतू नका. २० ग्रॅम प्लॅटिनम म्हणजे एक घन सेंटिमीटरही नाही. मुशीच्या काठावरून उतरतानाच ते थिजतं आणि निम्मं काठाला चिकटतं. गोळी मुशीतच जमू द्यायची. शक्ती एकदम बंद केली तर वरची साय आधी धरते आणि आत पोकळी राहते. अर्ध्या मिनिटात उतरवत आणली तर तळापासून वर थिजत येते, आणि वर छोटा खळगा एवढाच राहतो. नंतर झाकण तसंच ठेवून मूस अर्धा तास आपोआप निवू द्या. पाण्याचा पंपही तोवर चालू.

काय बिघडतं

माल पांढरा होतो, चिकटतो, पण वितळत नाही. बहुधा गळती: झाकण नाही, फेल्ट सुटलंय किंवा मूस कॉइलच्या मध्यावर नाही. गोळीचा मध्य कॉइलच्या मध्याशी जुळवा; ८-१० मिलिमीटरची चूकही जाणवते. ते सगळं ठीक असेल तर मालात ऱ्होडियम किंवा इरिडियम जास्त आहे, शक्ती वाढवत बसू नका.

माल अपेक्षेच्या फार आधी पाणी झाला तर आनंद नको. ११०० अंशांच्या आसपासच वितळला तर ते सोन्याचं मिश्रण आहे.

थिजताना गोळी थुंकते, वर फोड येतात. विरघळलेला वायू बाहेर पडतोय. पॅलॅडियम असलेल्या मालात हे हमखास, कारण ते वितळलेल्या अवस्थेत वायू भरपूर पितं. आर्गॉन द्या आणि शक्ती आणखी हळू उतरवा.

भिंतीला बारीक मणी अडकून राहिले तर मूस फेकू नका. पुढच्या त्याच मिश्रणाच्या आटणीत गोळी त्यांना गिळते. म्हणून प्रत्येक मिश्रणाला वेगळी मूस, बाहेरून तापाला टिकणाऱ्या रंगाने खूण करून.

गोळीची तपासणी

आधी वजन. स्वच्छ मालात घट अगदी किरकोळ येते. टक्काभर घट दिसली तर मणी मुशीत आहेत, नाहीतर धुण्यात कसर राहिली होती. मग पाण्यातलं वजन: २० ग्रॅम शुद्ध गोळीला ०.९३२ ग्रॅम. पीटी ९५० रुथेनियमला ०.९६-०.९७ येतं. याहून जास्त आलं तर आत पोकळी आहे किंवा हलका धातू.

नंतर घावाची परीक्षा. ऑक्सिजन जास्त ठेवलेल्या ज्योतीने गोळी नारिंगी-पिवळी करा, हजार-अकराशे अंश, आणि स्वच्छ पॉलिश केलेल्या ऐरणीवर हलके घाव घाला. ऐरणीवर कालच्या सोन्याचे किंवा डागाचे कण नकोत. गरम प्लॅटिनम ते दाबून आत घेतं. चांगली गोळी लोण्यासारखी न पसरता, पण न कुरकुरता चपटी होते. गरम असताना चिरली तर सिलिकॉन, फॉस्फरस किंवा शिसं. थंडपणी तुटून आतला भाग काळसर राखाडी दिसला तर कार्बन. कडेला केसासारखी चीर दिसली तर ती कानशीने काढून पुन्हा तापवून बघा. ती आत सरकत गेली तर गोळी बिघडलेली. असा माल पुन्हापुन्हा आटवून सुधारत नाही. तो वेगळ्या डबीत घालून रिफायनरीला पाठवा, आणि चांगल्या विरजणात त्याचा एक दाणाही पडू देऊ नका.

टंचासाठी नमुना दोन जागांवरून द्या, एक गोळीच्या तळातून, एक माथ्यातून. दोन्हींत फरक आला तर वितळ नीट मिसळली नव्हती. गोळी उलटी करून मुशीत ठेवा आणि पुन्हा एकदा आटवा.